आमच्या खानावळीचे धुराडे

पन्नाशी ओलांडल्यावर प्रथमच लेखणी हाती धरणाऱ्या बाईने थेट स्वतःविषयी लिहावे, हे धाडस आहे याची मला जाणीव आहे. ज्यांच्या हातून काही मोठे घडले त्यांनी आठवणी लिहाव्यात आणि आपण त्या वाचाव्यात, अशा समजुतीत मी वाढले, आणि वाचण्याचे माझ्या वाट्याचे काम मी मनापासून केले. मराठीची एक पदवी झाली, तिच्यावर दुसरी झाली, पण स्वतः लिहिले काय, तर परीक्षेच्या उत्तरपत्रिका आणि पुढे विद्यार्थिनींच्या वह्यांवरचे शेरे. त्यात विषयही असा निवडला आहे, की तो ऐकून घरातली मंडळी हसली. मला एका धुराड्याविषयी लिहायचे आहे. हिमालयाच्या पायथ्याशी घर असते तर या विषयाला काही शोभा तरी आली असती. आमच्या रायपुरात माणसे धुरापेक्षा उन्हाला जास्त भितात. तरीही माझ्या तरुणपणातला जो काळ मला आज अभिमानाने आठवतो, तो त्या धुराड्याभोवतीच आहे. वाचकांनी माझे हे धाडस सांभाळून घ्यावे.

आमचे घर तात्यापाऱ्यात, दुकानांच्या रांगेमागच्या गल्लीत. पुढच्या लांबट खोलीत खानावळ, मधल्या खोलीत आम्ही, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे अंगण. आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले आणि राहिले. बाबाही रेल्वेच्याच कचेरीत कारकून झाले. खानावळ मात्र सर्वस्वी आईची. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आजोबांनी बांधून घेतलेली मातीची मोठी चूल होती, तिच्या बाजूला वैल, आणि वर विटांचे रुंद धुराडे, जे भिंतीतून थोडे वाकडे होऊन कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराबाहेर निघे. पहाटे मला जाग यायची ती भांड्यांच्या आवाजाने नव्हे, तर फुंकणीच्या. आधी दोन-तीन लांब फुंकरा, मग लाकडाचा तडतडाट, आणि मग धुराड्यातून हवा वर खेचली जाताना होणारा एक खोल घुमारा, जणू घरानेच श्वास घेतला. तो घुमारा ऐकू आला, की मी पुन्हा डोळे मिटत असे. सर्व काही जागच्या जागी आहे, याची ती खूण होती.

आईच्या खानावळीचे नाव होते ते लंबी रोटीसाठी. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कणीक इतकी सैल मळायची की ती ओघळेल की काय अशी भीती वाटावी. मग तिचा गोळा दोन्ही हातांवर झेलत, झुलवत तो कोपरापर्यंत लांबवायचा, आणि चुलीवर पालथे घातलेल्या तापल्या मडक्यावर अलगद पसरायचा. रोटी रुमालासारखी पातळ, आणि तिला मडक्याच्या मातीचा वास. आई हे करीत असताना खाणारे लोक ताट सोडून दाराशी उभे राहत. मडक्याला सर्व बाजूंनी जाळ लागतो, म्हणून ही रोटी लाकडावरच होते. पाटवड्यांचा रस्सा, गोळाभात, तिवऱ्याची पालेभाजी हे सारे इतरत्रही मिळे. लंबी रोटी आमच्याकडेच.

या चुलीचा एक नियम होता. तिच्यातला विस्तव कधीही पूर्ण विझू द्यायचा नाही. दुपारी आणि रात्री स्वयंपाक आटोपला, की आई निखारे राखेखाली झाकून ठेवी आणि पुढच्या वेळी राख सारून त्यांनाच फुंकर घाली. तिच्या सासूने तिच्या हाती चूल दिली ती पेटती दिली होती, आणि आईने ती तशीच राखली. देवघरातल्या समईपेक्षा तिला या निखाऱ्यांची काळजी अधिक असे. लग्नाला परगावी जायचे झाले, तरी एक जण मागे राहत असे.

धुराड्याचा दुसरा उपयोग बाबांनी शोधला होता. आमच्या गल्लीत त्या वेळी मजले चढले नव्हते. सर्वांत उंच वस्तू म्हणजे आमचे धुराडे. म्हणून दरवर्षी दिवाळीला बाबांचा आकाशकंदील त्याच्यावर लागे. कंदील ते स्वतः करीत, कामट्यांचा आणि रंगीत कागदांचा, आणि तो लांब बांबूला बांधून बांबूचे बूड धुराड्याच्या तोंडात खोचून तारेने पक्के करीत. "आपला कंदील स्टेशनवरून दिसते," असे ते पाहुण्यांना सांगत. दिसत असे की नाही, हे पाहायला कोणी स्टेशनवर गेल्याचे मला स्मरत नाही. बाबा शांत, काटकुळे, कचेरीत कोणाच्या अध्यात ना मध्यात. वर्षातले तेवढे दिवस ते मान ताठ करून गल्लीतून चालत. नवे राज्य व्हायचे होते आणि आमचे रायपूर राजधानी होणार होते, त्या दिवाळीला तर त्यांनी दुप्पट मोठा कंदील केला आणि तो पेलेल असा जाडजूड बांबू लाकडाच्या टालीवरून आणला. गल्लीतल्या दोन माणसांच्या मदतीने तो त्यांनी धुराड्यात खोलवर रोवला. राजधानीला शोभेल असा कंदील लागला, असे शेजारच्या गुप्ताइन भाभीसुद्धा म्हणाल्या, आणि त्या सहजी कोणाची स्तुती करीत नसत.

राजधानी होणे म्हणजे काय, हे आम्हाला पंगतीवरून कळले. भोपाळहून बदली होऊन आलेले अधिकारी, बाबू, टंकलेखक, सारे कुटुंब मागे ठेवून आलेले. जुन्या इमारतींवर नव्या कार्यालयांच्या पाट्या लागत होत्या, घरभाडी चढत होती, आणि या एकट्या माणसांना घरासारखे जेवण हवे होते. आईची पंगत गल्लीपर्यंत आली. चूल पहाटेपासून दुपारपर्यंत आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत धगधगू लागली. आणि त्याच हिवाळ्यात धूर उलटू लागला.

प्रथम थोडासाच. आई म्हणाली, लाकूड ओले आहे. मग लाकूड बदलले तरी तो उलटतच राहिला. पहाटेचा तो खोल घुमारा थांबला आणि त्याच्या जागी एक दबलेली खरखर ऐकू येऊ लागली. थंडीत धूर वर न जाता अंगणात बसे. गुप्ताइन भाभींच्या दोरीवरच्या पांढऱ्या साड्यांवर काळे ठिपके पडू लागले, आणि त्या भिंतीपलीकडून ऐकवीत, "अरे भाई, हमारे यहाँ कपड़े सूखते हैं कि पकते हैं?" पंगतीतले सक्सेनाजी, भोपाळचे मोठे विनोदी गृहस्थ, एके दिवशी रोटीचा तुकडा नाकाशी नेऊन म्हणाले, "भाभीजी, आज रोटी में धुएँ का तड़का अलग से लगाया है क्या?" सारे हसले. आईही हसली, पण पदराने डोळे पुसत. आणि ते डोळे हसण्याने भरलेले नव्हते. ते आता दिवसभर लाल असत. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले, की धूर थांबला पाहिजे किंवा बाईंनी स्वयंपाकघर सोडले पाहिजे, नाहीतर डोळे जातील.

त्या संध्याकाळचे बोलणे मला शब्दशः आठवते, कारण बाबांना आवाज चढवताना मी प्रथमच ऐकले.

"मी कधीचा सांगून राहिलो, गॅसची भट्टी घेऊन टाकू. काहून ऐकत नाहीस तू?"

"गॅसवर मडकं तडकते," आई म्हणाली. "मग लंबी रोटी कशी होईन?"

"नाही झाली तर नाही झाली. तव्यावरची पोळी खातीन लोक."

"तव्यावरची पोळी खायले भोपाळचे लोक तात्यापाऱ्यात कशाले येतीन? ते त्यायले कोठंही भेटते."

"अन् डोळे गेले तर? तुले डोळे कोठं भेटतीन?"

आईने चुलीतले लाकूड पुढे सारले. बाबा थोडे नरमले, पण मागे सरले नाहीत. "संक्रांतीपर्यंत पाहतो," ते म्हणाले. "धूर थांबला तर ठीक. नाही तर संक्रांत झाल्यावर गवंड्याले बोलावतो अन् चूल तोडून टाकतो. धुराडंही पाडतो. मले तुझ्या चुलीपेक्षा तुझे डोळे पाहिजे." यात प्रेम होते, हे तेव्हाही मला कळत होते. पण चूल गेली असती तर आई मागच्या खोलीत बसून गहू निवडणारी एक बाई झाली असती. ती ज्या हातांसाठी साऱ्या तात्यापाऱ्यात ओळखली जाई, ते हात रिकामे झाले असते.

आता माझ्याविषयी थोडे. मी तेव्हा शिक्षण संपवून घरी होते. गुणांची कमतरता नव्हती. कमतरता होती आवाजाची. माझा आवाज घशातच राहत असे. एका शाळेत मुलाखतीला गेले, तेव्हा समितीतल्या वयस्क बाईंनी प्रत्येक उत्तरानंतर कानामागे हात धरला आणि शेवटी ममतेने म्हणाल्या, "बेटी, तुम्हारा उत्तर तो सही होगा, पर पीछे की बेंच तक कैसे पहुँचेगा?" मी घरी येऊन पंगतीत वाढू लागले. वाढतानाही मी "आणखी घ्या" म्हणत नसे. वाडगे पुढे करून उभी राहत असे. सक्सेनाजी मला "मौनी दीदी" म्हणत. आज मी आठवड्याला किती तास बोलते ते पाहून माझी मुलगी, जिला मराठी समजते पण जी उत्तर हिंदीतच देते, म्हणते, "मम्मी, आप कभी चुप रहती थीं, ये मैं नहीं मानती."

धुराडे साफ करणारा माणूस शोधून आणायचे काम आईने माझ्यावर सोपवले. रायपुरात असा कोणी धंदाच नव्हता. ज्याला विचारावे तो प्रथम हसे आणि मग दुसऱ्याचे नाव सांगे. मिठाईवाल्याने भांडी घासणाऱ्याकडे पाठवले, भांडी घासणाऱ्याने गवंड्याकडे; गवंडी म्हणाला की साफ करण्यापेक्षा पाडणे सोपे, आणि मला बाबांचाच भास झाला. तांदळाच्या एका गिरणीच्या फाटकावर मी बराच वेळ उभी राहिले, कारण मुनीमजींच्या कानापर्यंत माझा प्रश्न जात नव्हता. शेवटी तो पोचला तेव्हा ते म्हणाले, "बिसाहू को ले जाओ. पहले हमारे यहाँ भट्ठी पर था, अब हलवाइयों की चिमनी देखता है. बस, जरा ऊँचा सुनता है, मशीन ने कान खा लिए."

अशा रीतीने, साऱ्या शहरात जो एकच माणूस मला मिळाला, त्याला कमी ऐकू येत होते.

बिसाहू रविवारी सकाळी आला. धिप्पाड, मिशा कोरलेल्या, डोक्याला लाल गमछा, आणि बोलण्यात कशाचीही कमतरता नाही. त्याने चुलीत डोके घालून वर पाहिले, नाक फेंदारून वास घेतला, आणि बाहेर येऊन निकाल दिला, "कौआ के खोंधरा हे, दाई." म्हणजे कावळ्याने घरटे बांधले होते. "मैं तो देखे बिना बता देथंव." मग चहा झाला. त्यात साखर कमी आहे असे सांगून दुसरा झाला. "मोर हाथ के साफ करे चिमनी म माछी घलो नइ अटकय," म्हणजे माशीसुद्धा अडकत नाही, असे त्याने आम्हाला आणि भिंतीपलीकडून डोकावणाऱ्या गुप्ताइन भाभींना आश्वासन दिले. बाबा पुढच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. या उद्योगावर त्यांचा विश्वास नाही, हे ते पाने उलटण्याच्या आवाजातून कळवीत होते.

मग बिसाहूने आपली रीत सांगितली. वरून दोराला वीट बांधून खाली सोडायची. खाली तो त्या दोराच्या मध्यावर छिंदाच्या, म्हणजे शिंदीच्या, झाडूंचा जुडगा बांधणार, आणि मग वरच्याने ओढायचे, खालच्याने ओढायचे, असे करीत काजळी खरवडून काढायची. खाली तो. वर कोण? त्याने आपल्या पोटाकडे पाहिले, छपराच्या कवेलूंकडे पाहिले, आणि म्हणाला, "मैं चढ़ेंव, तो छानी घलो खाले आ जाही." छप्परच खाली आले असते. मग आमच्याकडे पाहिले. आईला डोळ्यांमुळे ते झेपणार नव्हते, आणि बाबा वर्तमानपत्रातून उठणार नव्हते. उरले मी. माझे वजन तेव्हा कवेलूंना कळलेसुद्धा नसते.

पण त्याआधी विस्तवाचा प्रश्न होता. धुराड्यात माणसाने हात घालायचा तर चूल थंड हवी. बिसाहू पाण्याची बादली घेऊन पुढे झाला, तेव्हा आईने त्याला हाताने अडवले. तिने राख सारली, चिमट्याने एकेक निखारा उचलून घमेल्यात ठेवला, घमेले अंगणात नेऊन शेगडी भरली, आणि शेगडीजवळ पाट मांडून बसली. "तुमचं होऊ द्या," ती म्हणाली. "मी याईले पाहते." चूल रिकामी झालेली मी त्या दिवशी जन्मात प्रथम पाहिली. ती एकदम परक्या घरची वाटली. आणि माझ्या लक्षात आले, की आई पाठमोरी बसली आहे ती डोळ्यांना धूर लागू नये म्हणून नाही. तिला ती रिकामी चूल पाहायची नाही.

मी साडीचा पदर खोचून शिडीने वर गेले. पौषातले ऊन होते, कवेलू अजून दवाने ओलसर. वरून तात्यापारा मी कधी पाहिला नव्हता. वाळवणे, पाण्याच्या टाक्या, दूरवर तळ्याची एक चकाकणारी रेघ, आणि सगळीकडे नव्या इमारतींचे उभे राहू लागलेले खांब. धुराड्याला एका हाताने धरून मी वीट आत सोडली. ती थोडी खाली गेली आणि अडली. हलवून, फिरवून ती कशीबशी एका बाजूने निसटली आणि खाली चुलीत धपकन आवाज झाला. बिसाहूने जुडगा बांधला. मी ओढले. तो निम्म्यावर येऊन थांबला.

"अटकला!" मी धुराड्यात तोंड घालून म्हणाले.

"का कहत हस, नोनी?"

"अटक गया!"

"तोर आवाज तो चिरई के आवाज हे! जोर से बोल!" खालून तो गर्जला, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता, खोंधराच तो, ओढले की येईल, अशा हिशेबाने त्याने आपल्या बाजूने दोराला हिसका दिला.

माझ्या हाताखालचे धुराडे हलले.

आधी मला वाटले, मीच हलले. मग दुसरा हिसका बसला, आणि मी डोळ्यांनी पाहिले की वरच्या विटांच्या थरात एक फट उघडली आणि मिटली. धुराड्याच्या कडेला एक धुराने काळवंडलेली जाड तार विटांभोवती गुंडाळलेली होती आणि तिचे टोक आत, अंधारात गेले होते. आत जे काही अडले होते, ते या तारेने वरच्या विटांना बांधलेले होते. बिसाहू ते ओढत होता, म्हणजे तो धुराड्याचा माथाच खाली, स्वतःच्या डोक्यावर ओढून घेत होता. तो तिसऱ्या हिसक्यासाठी पाय रोवत असल्याचे मला दोराच्या ताणावरून कळले. एवढ्या विटा आत कोसळल्या असत्या, तर बिसाहू वाचता ना, आणि चुलीसाठी गवंड्याला बोलवायचीही गरज उरली नसती.

"रुकव!" मी ओरडले. "रुकव! झन खींचव! थांबा!"

हा आवाज कुठून आला, हे मी आजही सांगू शकत नाही. तो धुराड्यात शिरला, वाकणावरून घुमला आणि चुलीच्या तोंडातून बाहेर पडला. आई पुढे अनेकांना सांगत असे, "मले वाटलं, चूलच बोलली." गुप्ताइन भाभींचा रेडिओ बंद झाला. गल्लीत सायकलवरून जाणारा माणूस सायकलसह थांबला. दोर सैल पडला. आणि पुढच्या खोलीतून वर्तमानपत्र हातात तसेच धरून बाबा अंगणात धावत आले.

"कोण ओरडलं?"

"तुमची पोट्टी," आई म्हणाली.

"आपली?"

"हव. आपली."

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी तितक्याच मोठ्याने म्हणाले, कारण आता लहान आवाज कसा काढायचा हेच मला सुचेना, "बाबा, पक्कड पाहिजे! मोठी!" त्यांनी पक्कड आणून शिडीवर अर्धे चढून माझ्या हाती दिली. तार घट्ट होती, पिळावर पीळ घातलेली. मी एकेक पीळ सोडवला. धुराड्याच्या माथ्याला पाठ टेकून, एका हाताने विटा दाबून धरून, मी खाली हुकूम देऊ लागले. "ढील देव! अब थोडे खींचव! बस! रुकव!" बिसाहू मुकाट्याने ऐकत होता. त्याला आता एकेक अक्षर ऐकू येत होते. शेवटचा पीळ सुटला तसे मी म्हणाले, "अब खींचव, पूरा!" आणि आतून एक घरंगळणारा, खडखडता आवाज खाली गेला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळा ढग बाहेर आला.

मी उतरले तेव्हा बिसाहूच्या चेहऱ्यावर दात आणि डोळे एवढेच ओळखू येत होते. चुलीपुढे काजळीचा ढीग होता, डांबरासारख्या खपल्यांचा, आणि त्यात आडवा एक जाडजूड बांबू, धुराने काळा ठिक्कर झालेला. त्याच्या खालून त्याहून बारीक बांबूंचे तुकडे निघाले. जितक्या दिवाळ्या, तितके. कंदील उतरवताना बाबा दरवर्षी बांबू वरून कापून घेत, बुंधा आतच राही, आणि पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी नवा खोचला जाई. राजधानीच्या वर्षीचा बांबू मात्र वाकणात आडवा बसला होता, आणि साऱ्या हिवाळ्याची काजळी त्याच्यावर थर देत बसली होती.

"खोंधरा नव्हता तर," मी म्हणाले.

"खोंधराच तो आय," बिसाहू जराही न डगमगता म्हणाला. "बाँस के खोंधरा."

बाबा खाली वाकले. त्यांनी तो बांबू उचलला, त्याच्यावरची तार बोटाने चाचपली. तो पीळ दुसऱ्या कोणाचा असूच शकत नव्हता. मग बाबांनी, केवळ काहीतरी बोलायचे म्हणून, विचारले, "हा कोठून आला?"

"स्टेशनवरून," आई म्हणाली.

मी प्रथम आईकडे पाहिले आणि मग बाबांकडे, आणि काय होते आहे हे कळायच्या आत बाबाच हसू लागले. त्यांना तसे हसताना मी क्वचितच पाहिले आहे. हातातल्या बांबूचा आधार घ्यावा लागला. बिसाहूला कारण ठाऊक नव्हते, पण तो सर्वांहून मोठ्याने हसला. नंतर बाबांनी स्वतः त्याच्या हातांवर पाणी घातले, आणि दुपारी आपल्या शेजारी पाटावर बसवले. गवंड्याचे नाव आमच्या घरात पुन्हा निघाले नाही. बाबांचा कंदील पुढच्या दिवाळीपासून अंगणातल्या खांबावर लागू लागला. तो फक्त आमच्या गल्लीतून दिसे. बाबा पाहुण्यांना सांगत, "जवळून पाहिलं तरच त्याचं काम समजते."

त्या दिवशी राहिलेली काजळी निघेपर्यंत जुडगा वरखाली होत राहिला आणि माझे ओरडणेही. मग आईने शेगडीतले निखारे परत चुलीत मांडले. ती फुंकणी घेऊन खाली बसली, आणि आम्ही तिघेही तिच्या मागे उभे राहिलो, कोणी सांगितले नसताना. दोन फुंकरा झाल्या. लाकूड तडतडले. आणि मग धुराड्यातून तो खोल घुमारा आला. बाबा अंगणात धावले, मीही. धूर धुराड्यातून सरळ, काठीसारखा उभा राहिला आणि तात्यापाऱ्यावरून वर गेला. गुप्ताइन भाभी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "चलो, अब मेरी साड़ियाँ बचीं." दिवाळीतल्या बाबांसारखी मान ताठ करून मी त्याआधी कधी उभी राहिले नव्हते.

संक्रांतीला आईने पुरण घातलेल्या लंबी रोट्या केल्या. डोळ्यांची लाली तोवर ओसरू लागली होती. वाढायला मी होते. सक्सेनाजींच्या पुढ्यात पोचले आणि म्हणाले, "आणखी घ्या." पंगतीतल्या शेवटच्या माणसानेही मान वळवली. सक्सेनाजी दचकून म्हणाले, "अरे, मौनी दीदी का व्रत टूट गया!" त्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या एका शाळेत मुलाखतीला गेले. कोणी कानामागे हात धरला नाही. तिथेच मी आजपर्यंत शिकवते आहे, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलींची तक्रार एकच असते, की बाईंच्या तासाला झोपता येत नाही. शिक्षण मला विद्यापीठाने दिले, हे खरे. पण ते दुसऱ्यापर्यंत पोचवणारा आवाज मला आमच्या छपरावर मिळाला, आणि या गोष्टीचा मला माझ्या दोन्ही पदव्यांहून अधिक अभिमान वाटतो. इतके स्पष्ट लिहिताना संकोच होतो, तरी लिहिते.

दरवर्षी संक्रांतीआधी मी आणि बिसाहू ते धुराडे साफ करीत आलो, तो त्याच्या गावी जाईपर्यंत. मग खाली बाबा बसू लागले आणि वर मी. बाबा गेल्यावर खाली मुलगी आली. ती आता नव्या रायपुरात राहते. तिच्या स्वयंपाकघरात बटण दाबले की गुरगुरणारी चिमणी आहे, आणि ती बिघडली तर एका फोनवर माणूस येतो. खानावळ बंद होऊनही बराच काळ लोटला. पण आई आहे. डोळे उत्तम आहेत, हात थकले आहेत, आणि चूल आजही विझलेली नाही. सकाळ-संध्याकाळ ती राख सारून निखाऱ्यांना फुंकर घालते आणि स्वतःपुरती, माझ्यापुरती एक लंबी रोटी पसरते. शेजारी तीन मजले चढले आहेत, आमचे धुराडे आता त्यांच्या खिडकीखाली आले आहे. यंदा माझ्या गुडघ्यांनी शिडीला नकार दिला, आणि गेल्या आठवड्यापासून पहाटेच्या घुमाऱ्यात थोडी खरखर ऐकू येऊ लागली आहे. आईने ती अजून ऐकलेली नाही, किंवा ऐकून मला सांगितलेली नाही.

वर चढणारा कोणी मिळाला, तर खाली चुलीपाशी मी बसेन. हाक देण्याचे कामही मीच करीन, आणि ती त्याला ऐकू जाईल याची हमी देते. कवेलू जुने आहेत, तेव्हा माणूस अंगाने हलका हवा. आपल्या ओळखीत धुराडे साफ करणारे कोणी आहे का?